थोरल्याचा रकाना

आमच्याकडच्या शाळांच्या जनरल रजिस्टरवर विश्वास ठेवायचा तर कर्जत तालुक्यातली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. पोराला शाळेत घालायला बाप यायचा. जन्मतारीख विचारली की डोकं खाजवत म्हणायचा, "लावनी चालू व्हती बगा. का उरकली व्हती, त्याच्या आयला इचारायला पायजे." गुरुजी एक जून लिहून मोकळे. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत अशा तारखा मीही लिहिल्या आहेत, आणि पुढे हायस्कुलात गणित शिकवायला लागलो तरी त्याची लाज कधी वाटली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला कोणी फसवलं असं वाटायला नको. कागदावर खोटं कसं उतरतं हे मला चांगलं माहीत होतं.

साठ सालानंतरचे दिवस. आम्ही भिसेगावात राहायचो. वडील भाताची शेती करायचे. माझे तिघे थोरले भाऊ लग्नं करून मुंबईला नोकरीला गेले होते आणि घरात आई-वडील, मी आणि माझी धाकटी बहीण उरलो होतो. बहिणीचं झाल्याशिवाय माझं लग्न काढायचं नाही असं वडिलांनी ठरवलं होतं. मी रोज कर्जतच्या शाळेत शिकवायला चालत जायचो. बाजारातला वाणी डाळ-साखर मुंबईहून आलेल्या रद्दीत बांधून द्यायचा. त्या रद्दीत कधीकधी इंग्रजी मासिकं असायची, ती मी त्याच्याकडून मागून आणायचो. इंग्रजी वाचून समजणारा आसपास मी एकटाच, असा माझा समज होता आणि तो मी कोणाला विसरू देत नव्हतो.

अशाच एका मासिकात वाचलं, की ज्या पुरुषांना पुरुषांचीच ओढ असते अशांची माहिती परदेशात काही डॉक्टरांनी गोळा केली, आणि ते भावंडांत बहुतेक मागून जन्मलेले, थोरले भाऊ जास्त असलेले असतात असं त्यांना दिसलं. लेखाची शेवटची पानं नव्हती. ती बहुधा कोणाच्या तरी घरी हळद बांधून गेली होती. शंका-कुशंका शेवटच्या पानांवर लिहिलेल्या असतात, हे मला फार उशिरा कळलं.

आज त्या ओढीला समलिंगी हा सरळ शब्द आहे. तेव्हा आमच्याकडे शब्द नव्हता, नुसती हाताची एक खूण होती आणि ती केली की माणसं हसायची. मीही हसायचो. पण लेख वाचल्यापासून मी हसायचं सोडून मोजायला लागलो, आणि त्यामुळे आपण इतरांपेक्षा फार सुधारलेले आहोत असं मला वाटायला लागलं.

शंभर पानी वही घेतली. पट्टीने रेघा मारल्या. गाव, घर, भाऊ किती, आणि पुढे चार रकाने: थोरला, दुसरा, तिसरा, त्यापुढचा. बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या पंगतीत, शाळेत आलेल्या पालकांच्या बोलण्यात कोणाचा विषय निघाला की मी कान टवकारायचो. एक शिंप्याकडे काज-बटणं करणारा होता, एक खालापूरच्या बाजूचा, बायकांत बसून जात्यावरच्या ओव्या म्हणणारा, एक डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतला, मध विकायला यायचा तो. लग्न केलेलं नाही, आवाज मऊ आहे, लोक हसतात, एवढ्यावर मी माणूस वहीत घ्यायचो. त्यांच्यापैकी एकालाही मी कधी एक शब्द विचारला नाही. शिंप्याकडच्या त्या माणसाला फिट्स यायच्या आणि म्हणून त्याने लग्न केलं नव्हतं, हे मला तो गेल्यावर समजलं.

पण तेव्हा वहीची चार पानं भरली आणि मी हरखलो. 'त्यापुढचा' हा रकाना खुणांनी भरून गेला होता. तिसऱ्यात काही होते, दुसऱ्यात एखाद-दुसरा. आणि 'थोरला' हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. एक खूण नाही. मी वही उघडून तो रकाना पुन्हा पुन्हा बघायचो. त्या इंग्रजी मासिकाला पत्र पाठवायचं, खाली आपलं नाव, गाव कर्जत, असं छापून येईल, इथपर्यंत माझी मजल गेली होती. पत्राची पहिली चार वाक्यं तयारसुद्धा होती.

आता माझ्या मित्राचं सांगतो. आठवीपासून आम्ही एका बाकावर. तो खालापूरकडच्या एका गावातला, खोपोलीच्या गाडीने कर्जतच्या शाळेत यायचा. माझी गणितं तो उतरवायचा आणि माझे निबंध तो पक्के लिहून द्यायचा, कारण त्याच्यासारखं अक्षर शाळेत कोणाचं नव्हतं. फळ्यावरचा रोजचा सुविचार हेडमास्तर त्यालाच लिहायला लावायचे. त्याच्या उजव्या नाकपुडीवर टोचल्याची बारीक खूण होती. पोरं त्याला त्यावरून चिडवायची, तो चिडायचा नाही. पुढे तो साजगावच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून झाला. तिथल्या मांडणीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या त्याच्या अक्षरातल्या होत्या.

त्याचे वडील लवकर गेले होते. घरात आई आणि तीन धाकटे भाऊ. थोरल्याचं झाल्याशिवाय धाकट्याचं लग्न काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. हा दरवर्षी काहीतरी सांगून टाळायचा आणि मागचा भाऊ तिशीकडे सरकत चालला होता. आई रडायची, जेवण सोडायची. शेवटी तिच्या मनात माझी बहीण भरली. त्याच्या मामाकडून आमच्याकडे निरोप आला. आमच्या घरात सगळ्यांना आनंद झाला. माझ्या मित्राचं घर, पोरगा निर्व्यसनी, नोकरी पक्की. आईने बहिणीला विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो कोनावर वरडत नाय." एवढाच तिचा होकार होता, आणि तो मनापासूनचा होता.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी मित्र आमच्या खळ्यावर आला. झोडणी चालली होती. दुपारची वेळ, वडील आणि गडी जेवायला घरी गेले होते आणि मी राखण म्हणून बसलो होतो. तो पेंढ्यावर माझ्याशेजारी बसला. बराच वेळ काडीने दात कोरत राहिला. मग त्याने खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. त्याच्यावर त्याच्याच घरचा पत्ता होता, आईच्या नावाने, त्याच्याच सुंदर अक्षरात. मागची बाजू कोरी.

"येक काम हाय तुज्याकडं," तो म्हणाला. "ह्याच्यावर दोन वळी लिव. रास जुळत नाय म्हनून. खाली तुज्या बापाचं नाव घाल. तुमच्याकडनं नकार आला म्हंजे आय गप बसंल."

"का रं? काय झालं?"

"माज्याकडनं नाय म्हनून झालं चार येळा. आता मी नाय म्हनलं का ती हिरीत उडी टाकीन म्हनती." त्याने कार्ड माझ्यापुढे पेंढ्यावर ठेवलं. "तुजी बईन हाय म्हनून सांगतोय. मला बाईची ओढच नाय रं. कदीच नव्हती. माजं मन गड्यांकडंच जातं. लानपनापास्नं."

त्याचे कान लाल झाले होते. पण तो माझ्याकडे बघत होता.

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगितलं पाहिजे. किळस वाटली नाही. दया आली असंही नाही. बहिणीचा विचार आला, पण तो दुसरा आला. पहिला विचार आला तो माझ्या वहीचा. तो घरातला थोरला होता. त्याचं म्हणणं मानलं, तर माझ्या कोऱ्या रकान्यात खूण पडणार होती.

"तू थोरला हायेस," मी म्हणालो.

"मंग?"

माझी पिशवी खळ्यातल्या खांबाला, मेढीला टांगलेली असायची. मी वही काढली आणि पेंढ्यावर पसरली. त्याला रकाने समजावून दिले. परदेशातले डॉक्टर काय म्हणतात ते सांगितलं. बोट ठेवून कोरा रकाना वरपासून खालपर्यंत दाखवला. शाळेत जसं समजावतो तसंच, मध्येच "कळलं का?" विचारत. "येवड्या घरांत येक तरी थोरला हाय का? नाय. मंग तू कसा असशील? तुला जबाबदारीचं भ्या वाटतं. लगीन झालं का जाईल ते."

तो वाकून वही बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरताना मी बघितला. आज मला सगळ्यांत जास्त छळतं ते हेच, की त्याला बरं वाटलं.

"तू गनितात कदी चुकला नायस," तो म्हणाला.

"नायच."

"तुजी बईन हाय. इचार करून बोल."

"इचार केलाय म्हनून तर वही हाय," मी म्हणालो.

वडील परत येताना दिसले. मी वही मिटली, आणि पान सापडावं म्हणून हाताशी आलेलं ते कार्डच खुणेला मध्ये घातलं. त्याने ते परत मागितलं नाही. वैशाखात लग्न झालं. मांडवात मी फार मिरवलो.

पहिल्या दोन वर्षांत बहीण माहेरी आली की आई तिच्या पोटाकडे बघायची आणि मी तिच्या तोंडाकडे. तिचं तोंड काही बोलत नव्हतं. "कसं हाय गं?" विचारलं की "बरं हाय." तो तिला कधी एक शब्द वाकडा बोलला नाही. साजगावहून येताना तिच्यासाठी काहीतरी घेऊन यायचा. ती आजारी पडली तर स्वतः चूल पेटवायचा आणि त्यावरून त्याला भाऊ हसायचे. पण तो पडवीत झोपायचा, बाराही महिने, आणि घरात ते सगळ्यांना दिसत होतं.

मग मागच्या भावांची लग्नं झाली. पाळणे हलले. बहिणीला मूल नाही, म्हणून दोष तिचा. सासू तिला या देवाला, त्या डॉक्टरला घेऊन फिरली. डोहाळजेवणाला तिला ओटी भरायला बोलवेनात. जावा आपली तान्ही तिच्या मांडीवर द्यायला कचरायला लागल्या. शेजारणी तिच्या तोंडावर बोलायच्या, आणि ती ऐकून घ्यायची. तिला गाणं म्हणायची सवय होती, ती मोडली. तिसऱ्या वर्षापर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं. कळून मी काय केलं? वही उघडली आणि 'थोरला' या रकान्यात शिसपेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं. याहून जास्त काही करायचं मला सुचलं नाही. मित्र भेटला की आम्ही पावसापाण्याचं बोलायचो.

दुसऱ्या भावाच्या मुलाच्या बारशाला मी त्यांच्या घरी गेलो होतो. मित्राची आई ओटीवर बसून नातवाला तेल लावत होती. बोलता बोलता मी म्हणालो, "थोरल्याच्या आधी मधल्याचा पाळणा हलला." बोलायचं म्हणून बोललो. माझी बहीण आत भांडी घासत होती, तिला ऐकू गेलं असेल याचंही भान मला नव्हतं.

म्हातारीचा हात थांबला. "ह्यो कुटला थोरला, मास्तर? ह्याच्या आदी तीन झाली मला. तिनी पोरंच. तिनी गेली. येक तर धरून धरून चालाय लागला व्हता. ह्यो झाला तवा उकिरड्यावर ठिवला, शेजारनीनं उचलला, तिच्याकडनं मी मागून घेतला, आनि नाक टोचलं. तवा ह्यो जगला. तुमी नाक बगितलं नाय व्हय त्याचं?"

आठवीपासून बघत होतो. आधीची पोरं जगली नाहीत की मागच्याला उकिरड्यावर ठेवून परत घेतात, त्याचं नाक टोचतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मलाही होतं. पण घरात किती भाऊ असं विचारलं की जिवंत असतील तेवढेच सांगायची पद्धत, आणि मी त्या पद्धतीनेच मोजलं होतं.

त्या म्हाताऱ्या बाईने माझ्यासमोर तीन लेकरं पुन्हा एकदा जमिनीत पुरली होती. आणि मी भिसेगावला घरी आलो तो सरळ वहीकडे गेलो. 'थोरला' रकान्यातलं प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं आणि 'त्यापुढचा' या रकान्यात शाईने ठळक खूण केली. तीन मेलेले, हा चौथा. रकाना पुन्हा कोरा झाला. मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. माझा नियम शाबूत राहिला होता. त्या बाईची पोरं गेली, माझी बहीण आत भांडी घासते आहे, माझा मित्र पडवीत झोपतो आहे, आणि मी खूश होतो. मी माणूस म्हणून किती खाली गेलो होतो हे मोजायला मला दुसरी वही नको. बरं, एका घरातली मेलेली पोरं मोजायची आणि बाकीच्या घरांतली सोडून द्यायची, असला हिशोब वर्गात कोणी केला असता तर मी त्याच्या हातावर पट्टी मारली असती. बाकीच्या घरांत किती गेली होती, मी कुठे विचारलं होतं? कोणी सांगितलंही नसतं.

वडील वारले त्या वर्षी बहीण दिवसकार्यासाठी येऊन राहिली होती. लग्नाला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. माझंही मध्यंतरी लग्न होऊन दोन मुलं झाली होती. पावसाळ्याने ट्रंकेतल्या सामानाला बुरशी धरली होती, म्हणून तिने सगळं अंगणात उन्हात घातलं. मी ओटीवर पेपर तपासत होतो. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एका हातात वही, एका हातात कार्ड.

"दादा, हे अक्षर ह्यांचं हाय," ती म्हणाली. "पत्ता आमच्या घरचा. मागं कोरं. तुज्या वहीत कसं आलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिने ते कार्ड ज्या तऱ्हेने धरलं होतं ते बघून धीर झाला नाही. मी सगळं सांगितलं. खळं, पेंढा, दोन ओळी, वही. ती उभ्यानेच ऐकत होती. मध्ये एकदा फक्त म्हणाली, "मंग ते आले व्हते? लगीन नको म्हनून सांगाया?"

"हो."

"माज्यासाठी?"

"तुज्यासाठी."

ती पायरीवर बसली. मग तिने वही उघडली आणि म्हणाली, "दाव. काय दावलंस तू त्यांना?"

ती चौथीपर्यंत शिकलेली. मी तिला रकाने दाखवले. या वेळी माझा आवाज वर्गातला नव्हता. ती एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेली, चारही पानं. घाई केली नाही. मग तिने विचारलं, "ह्यातल्या कितीजनांची लग्नं झालीत?"

"येकाचंबी नाय."

"का?"

"अगं, लगीन झालेली मानसं तशी कशी असतील?" मी म्हणालो. असं म्हणालो मी. आणि उत्तर बरोबर आलं अशा थाटात म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. ज्याला साधी बेरीज येत नाही त्याच्याकडे बघावं तशी.

"मंग माजं लगीन कोनाशी झालंय, दादा?"

मी गणितातली पदवी घेतली होती. वर्षानुवर्षं पोरांना सरासरी शिकवली होती. आणि ज्या जागी माझी चूक होती, तिथे चौथी शिकलेल्या माझ्या बहिणीने एका प्रश्नात बोट ठेवलं. थोरल्याचं लग्न आधी, हे आमच्याकडे ठरलेलं. तो कसाही असो, त्याला सोडत नाहीत. तेव्हा तसा जो कोणी थोरला असेल, तो मी मोजायला निघालो त्याच्या आधीच बोहल्यावर चढलेला. गावाच्या लेखी तो घरसंसारी माणूस, त्याच्याबद्दल कोण बोलणार? सुटतो तो शेवटचा. वरच्या भावांनी नातवंडं दिलेली असतात, म्हणून आई-बाप थकतात आणि नाद सोडतात. तो बिनलग्नाचा राहतो, लोकांना दिसतो, आणि माझ्यासारखा शहाणा त्याला वहीत घेतो. माझा रकाना कोरा होता तो तसे थोरले नव्हते म्हणून नव्हे. ते माझ्या बहिणीसारख्या बायकांच्या घरांत होते.

मग एक धागा सुटला तसे सगळेच सुटत गेले. शेवटचा असून लग्न करून पोराबाळांत रमलेले किती, हे मी मोजलंच नव्हतं, आणि तालुका त्यांनी भरला होता. मी स्वतः चार भावांत शेवटचा. मी माझ्याच वहीत नव्हतो. ज्या काळात घरोघरी सहा-सात पोरं, तेव्हा कोणालाही हाताला धरून आणा, त्याला थोरले भाऊ निघणारच. आणि त्या परदेशातल्या डॉक्टरांनी तरी कोणाला मोजलं असेल? जे दवाखान्यात आले, किंवा ज्यांना कोणी धरून आणलं, त्यांनाच ना? जे आले नाहीत ते कितवे होते? त्यांनी हे विचारलं असेल, नसेलही. ती पानं माझ्याकडे नव्हती. थोरले भाऊ आणि ही ओढ यांचा काही संबंध असेल किंवा नसेल, मला आजही माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की माझ्या वहीवरून ते कळण्यासारखं नव्हतं, आणि खरंच काही संबंध असता तरीसुद्धा शेजारी बसलेला माणूस स्वतःबद्दल काय सांगतो आहे ते त्यावरून खोटं ठरवता येत नव्हतं. वहीत बहिणींना तर रकानाच नव्हता.

हे सगळं मी तिला तेव्हा सांगू शकलो नाही. तीच बोलली.

"मला वाटत व्हतं त्यांनी मला फशिवलं," ती म्हणाली. "ठाव असून मला घरात आनली, असं. येवडी वर्सं मी त्यांच्याशी धड बोल्ले नाय, दादा. ताट वाडायचं आनि आत जायचं. येकदा बोल्ले ते वंगाळच बोल्ले. आनि त्यांनी कदी सांगितलं नाय, का मी तुज्या भावाला सांगाया गेलो व्हतो म्हनून."

मला ते तेव्हाच पहिल्यांदा समजलं. दहा वर्षं तो तिच्या डोळ्यांसमोर लबाड म्हणून वावरला होता. एका वाक्यात त्याची सुटका झाली असती. पण ते वाक्य उच्चारलं असतं तर तिचं माहेर तुटलं असतं, आणि तो ते बोलला नव्हता. मी रडलो. तिने मला गप केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"हे कार्ड मी नेते," ती म्हणाली. वही तिने पायरीवरच ठेवली. दुसऱ्या दिवशीच्या एसटीने ती गेली.

त्यांचं पुढे बरं चाललं, असं म्हणायला मला हक्क नाही, पण म्हणतो. दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दोघं पडवीत बसून वाल सोलत होती आणि कशावर तरी हसत होती. मला बघून हसणं थांबलं. मूल तिला झालं नाही, लोकांची तोंडंही बंद झाली नाहीत. पण ती त्याच्याशी बोलायला लागली होती, आणि तिला मी किती वर्षांनी हसताना ऐकत होतो.

मी त्याला म्हणालो, "माजा हिशोब चुकला रं. सगळाच चुकला. कसा चुकला ते सांगतो—"

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. वालाची टरफलं त्याने सुपात नीट एका बाजूला केली. "हिशोब कोनाचाबी चुकतो. मी तुला सांगत व्हतो तवा तू माज्याकडं बगितलंच नायस. वहीत बगत व्हतास."

बहीण उठून चहा करायला गेली. चहा चांगला झाला होता, मी तसं म्हणालो. निघताना तो नेहमीसारखा वेशीपर्यंत सोडायला आला.

वही मी बंबात घातली. तिचं काही वाटत नाही. आता निवृत्त होऊन घरी बसलो आहे, आणि एक खुळा नाद लागला आहे, तो सांगून संपवतो. पोस्टात गेलो की एक जास्तीचं कार्ड आणतो. घरी येऊन त्याच्यावर लिहितो: मुलामुलीची रास जुळत नाही, तरी राग नसावा. खाली वडिलांचं नाव. एकदा घड्याळ समोर ठेवून पाहिलं. अर्धा मिनिटही लागत नाही.